ऑर्डर अर्धवट भरली तर काय करावे आणि दलाली कशी आटोक्यात ठेवावी: बडोद्याच्या नव्या गुंतवणूकदारांसाठी मार्गदर्शन

शेअर बाजारात नव्याने उतरलेल्या माणसाला पहिल्या काही आठवड्यांतच एक प्रश्न हमखास पडतो: तीनशे शेअर मागितले होते, सत्तरच मिळाले, मग उरलेल्यांचे काय झाले, आणि आता दलाली किती वेळा कापली जाणार? दांडिया बाजार, रावपुरा, कारेलीबाग या भागांतील ओळखीच्या मराठी घरांतून हा प्रश्न मला नेहमी ऐकायला मिळतो. विचारणाऱ्यांत विद्यापीठातून नुकतेच बाहेर पडलेले तरुण असतात, तसेच निवृत्तीची रक्कम हाती आलेले ज्येष्ठही असतात. मोबाइलवर खाते उघडून देणारे पुष्कळ आहेत, पण ऑर्डर टाकल्यानंतर पडद्यामागे काय घडते हे सांगायला सहसा कोणी बसत नाही. म्हणून हे थोडे सविस्तर लिहीत आहे.

दोन गोष्टी प्रथमच मनात पक्क्या कराव्यात. बहुतेक ब्रोकर आकारणी करतात ती ऑर्डरमागे, ऑर्डर किती तुकड्यांत भरली यावर नव्हे. त्यामुळे अर्धवट भरलेली ऑर्डर त्याच दिवशी सांभाळून पूर्ण करणे आणि ती रद्द करून नवी टाकणे यांच्या खर्चात फरक पडतो. दुसरी गोष्ट अशी की दलालीचे वीस रुपये वाचवण्याच्या धडपडीत भावामध्ये दीडशे रुपये घालवले जातात, आणि ते कोणत्याही बिलावर वेगळे छापलेले नसल्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही. पुढील सर्व पायऱ्या या दोन गोष्टींतूनच निघतात.

ऑर्डर अर्धवट का भरते

बडोद्याला एकेकाळी स्वतःचा शेअर बाजार होता. वडोदरा स्टॉक एक्स्चेंज हे सयाजीगंजातील नाव जुन्या गुंतवणूकदारांना आठवत असेल; २०१५ मध्ये बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या परवानगीने ते या व्यवसायातून बाहेर पडले. आज बडोद्यातून टाकलेली ऑर्डर थेट मुंबईच्या एनएसई किंवा बीएसई या शेअर बाजारांच्या संगणकाकडे जाते आणि तेथे समोरच्या ऑर्डरशी तिची सांगड घातली जाते. सांगड घालण्याचा नियम सरळ आहे. खरेदीत ज्याचा भाव अधिक त्याचा क्रमांक आधी, विक्रीत ज्याचा भाव कमी त्याचा क्रमांक आधी, आणि भाव सारखाच असेल तर ज्याची ऑर्डर आधी पोहोचली तो आधी. आपल्या भावाला समोर जेवढे शेअर उपलब्ध असतील तेवढे मिळतात आणि उरलेली मागणी त्याच भावाला रांगेत उभी राहते. यात कोणाची चूक नसते आणि ब्रोकरने काही दडवलेलेही नसते; त्या क्षणी त्या भावाला तेवढाच माल असतो, इतकेच.

‘सगळे मिळाले तरच घ्या, नाहीतर एकही नको’ अशी अट आपल्याकडील बाजारात ऑर्डरला लावता येत नाही, हेही येथेच लक्षात घ्यावे. आयओसी या प्रकाराची ऑर्डर म्हणजे ती अट, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. आयओसी ऑर्डर त्या क्षणी जेवढे मिळेल तेवढे घेते आणि उरलेले ताबडतोब रद्द करते, म्हणजे अर्धवट भरण्याची शक्यता तीतही आहेच. उलट तशा तीन ऑर्डरी एकापाठोपाठ टाकल्या आणि तिन्हींत थोडे थोडे मिळाले, तर दलाली तीन वेळा बसू शकते.

पहिली पायरी: ऑर्डर टाकण्याआधी मार्केट डेप्थ वाचणे

प्रत्येक ब्रोकरच्या अॅपमध्ये शेअरच्या नावावर बोट ठेवले की खरेदीचे पाच आणि विक्रीचे पाच सर्वोत्तम भाव व त्यांपुढील संख्या दिसते; हीच मार्केट डेप्थ. नवखे लोक मोठ्या अक्षरांतील शेवटचा भाव पाहतात आणि हा तक्ता ओलांडून पुढे जातात. माझ्या मते संपूर्ण पडद्यावर सर्वात उपयोगी गोष्ट हीच आहे.

समजा एका मध्यम आकाराच्या कंपनीचे तीनशे शेअर घ्यायचे आहेत आणि विक्रीच्या बाजूला असे दिसते: १८४ रुपयांना ७० शेअर, १८४.२० ला ४५, १८४.६० ला ११० आणि १८५.१० ला २००. येथे मार्केट ऑर्डर, म्हणजे भाव न सांगता मिळेल त्या भावाला घेणारी ऑर्डर, टाकली तर ती या पायऱ्या चढत जाईल: ७० शेअर १८४ ला, ४५ शेअर १८४.२० ला, ११० शेअर १८४.६० ला आणि उरलेले ७५ शेअर १८५.१० ला. एकूण ५५,३५७.५० रुपये लागतील, म्हणजे सरासरी भाव जवळजवळ १८४.५३ पडेल. सगळे शेअर १८४ ला मिळाले असते तर ५५,२०० लागले असते. हा १५७.५० रुपयांचा फरक वीस रुपयांच्या दलालीच्या जवळपास आठपट आहे, आणि तो वाढलेल्या सरासरी भावात मुरून जातो.

म्हणून नव्या गुंतवणूकदाराने, निदान पहिले वर्षभर, लिमिट ऑर्डरच, म्हणजे आपण ठरवलेल्या भावाहून महाग न घेणारी ऑर्डर, वापरावी असे मी आग्रहाने सांगेन. रोज प्रचंड उलाढाल होणाऱ्या मोठ्या बँकांच्या किंवा तेल कंपन्यांच्या शेअरमध्ये दहा-वीस शेअरांसाठी मार्केट ऑर्डर टाकल्याने फारसे बिघडत नाही. पण लहान कंपन्यांमध्ये, सकाळी सव्वानऊला बाजार उघडल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत आणि दिवाळीच्या मुहूर्ताच्या सौद्यांच्या त्या एका तासात खरेदी-विक्रीच्या भावांमधील अंतर बरेच रुंद असू शकते.

तोच शेअर एनएसई आणि बीएसई या दोन्हींकडे असेल तर दोन्ही तक्ते पाहावेत आणि जेथे माल अधिक व अंतर कमी तेथे पूर्ण ऑर्डर टाकावी. निम्मी इकडे आणि निम्मी तिकडे टाकली तर त्या दोन ऑर्डरी होतात.

दुसरी पायरी: अर्धवट भरल्यावर आधी नीट पाहणे

ऑर्डर टाकल्यानंतर अॅपमध्ये ऑर्डर बुक आणि ट्रेड बुक अशा दोन नोंदी दिसतात. ऑर्डर बुकात एकच ओळ असते: मागितले ३००, मिळाले ७०, उरले २३०. ट्रेड बुकात मात्र ते सत्तर शेअर तीन वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून आले असतील तर तीन ओळी दिसतात, प्रत्येकीला वेगळा ट्रेड क्रमांक असतो आणि वेळही वेगळी असू शकते. या तीन ओळी पाहून घाबरण्याचे कारण नाही. दलालीच्या दृष्टीने पाहायचा तो ऑर्डर क्रमांक, आणि तो तिन्ही ओळींना समान असतो.

मिळालेले सत्तर शेअर आपले झाले. उरलेल्या २३० बद्दल काहीही निर्णय घेतला तरी त्या सत्तरांचा सौदा मागे फिरत नाही, कारण एकदा जुळलेला सौदा रद्द करता येत नाही. ऑर्डर रद्द केली तर रद्द होतो तो फक्त न भरलेला भाग.

तिसरी पायरी: उरलेल्या शेअरांचा निर्णय

येथे तीन मार्ग असतात. ऑर्डर आहे तशी रांगेत राहू द्यावी, तिच्यात बदल करून भाव वाढवावा, किंवा उरलेला भाग सोडून द्यावा. कोणता मार्ग घ्यावा याचा विचार बहुतेक लोक अंदाजाने करतात. त्याऐवजी एक छोटा हिशेब करावा.

नव्या ऑर्डरची किंमत प्रत्येक उरलेल्या शेअरमागे किती पैसे पडते ते काढावे. दलाली २० रुपये आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी धरून २३.६० रुपये होतात. उरलेले शेअर २३० असतील तर २३.६० भागिले २३०, म्हणजे शेअरमागे साधारण दहा पैसे. याचा अर्थ असा की आज भाव न वाढवता थांबलो आणि उद्या नवी ऑर्डर टाकावी लागली, तरी शेअरमागे दहा पैशांचाच भुर्दंड आहे. त्या भीतीपोटी आज भाव साठ पैशांनी वाढवण्यात शहाणपण नाही. पण तीनशेपैकी २९२ मिळून आठच शेअर उरले असतील तर २३.६० भागिले आठ, म्हणजे शेअरमागे २.९५ रुपये पडतात. अशा वेळी त्याच ऑर्डरमध्ये भाव अर्ध्या-एक रुपयाने वाढवून आजच पूर्तता करणे स्वस्त ठरते, किंवा त्या आठ शेअरांचा नाद सोडून देणे अधिक स्वस्त ठरते. तीनशेऐवजी २९२ शेअर असल्याने कोणाच्या गुंतवणुकीचे काही अडत नाही. पूर्ण आकडा गाठण्याचा हट्ट मात्र अनेकांना महागात पडतो.

आपल्या ब्रोकरकडे डिलिव्हरीच्या, म्हणजे शेअर खात्यात ठेवण्यासाठी केलेल्या, खरेदीवर दलाली नसेल तर हा हिशेब आणखी सोपा होतो. उद्याच्या ऑर्डरला वेगळी दलाली नाही, त्यामुळे थांबण्याची किंमत फक्त भाव वर जाण्याचा धोका एवढीच उरते.

बदल करायचाच असेल तर ऑर्डर रद्द करून नवी टाकू नये, ‘मॉडिफाय’ हे बटण वापरावे. भाव बदलला की रांगेतील आपला जुना क्रमांक जातो आणि नव्या भावाच्या रांगेत आपण शेवटी उभे राहतो. संख्या वाढवली तरी तसेच होते. संख्या केवळ कमी केली तर क्रमांक टिकतो. म्हणून दर दोन मिनिटांनी पाच पैसे वर, पाच पैसे खाली असे करत राहणे हे स्वतःच्याच हाताने पुन्हा पुन्हा मागे जाण्यासारखे आहे. विचार करून एकदाच बदल करावा.

भाव वाढवला म्हणजे सगळे शेअर त्या वाढीव भावाने मिळतील असेही नाही. वरच्या उदाहरणात मर्यादा १८४.६० केली तर मधले ४५ शेअर १८४.२० लाच मिळतील आणि ११० शेअर १८४.६० ला; उरलेले ७५ त्या भावाला रांगेत थांबतील. या १५५ शेअरांसाठी १८४ च्या तुलनेत एकूण ७५ रुपये जास्त गेले. हा आकडा डोळ्यांसमोर ठेवून मगच ‘होय’ म्हणावे.

दुपारी साडेतीनला बाजार बंद झाला की त्या दिवसाची न भरलेली ऑर्डर आपोआप संपते. दुसऱ्या दिवशी ती आपणहून पुन्हा लागत नाही. बडोद्यात याला एक वेगळी किनार आहे. बाजाराच्या सुट्ट्या मुंबईकडे पाहून ठरतात, त्यामुळे उत्तरायणाला आपले सगळे शहर गच्चीवर असले तरी बाजार बहुधा चालू असतो. अशा दिवशी सकाळी ऑर्डर टाकून फोन घरात ठेवून वर जाऊ नये. जायचेच असेल तर संध्याकाळी जेवढे मिळेल तेवढ्यावर समाधान मानता येईल असाच भाव टाकावा.

जीटीटी म्हणजे भाव एका पातळीला पोहोचला की ऑर्डर लावणारी सोय. ती अनेकांना आवडते, पण तिचीही मर्यादा आहे. बहुतेक ब्रोकरांकडे जीटीटी एकदाच जागी होते. तिने लावलेली ऑर्डर त्या दिवशी अर्धवट भरली तर उरलेला भाग संध्याकाळी संपतो आणि पुन्हा जीटीटी लावावी लागते. त्यामुळे जीटीटी जागी झाल्याचा संदेश आला की किती शेअर मिळाले ते त्याच दिवशी पाहावे.

वरच्या सर्किटला, म्हणजे त्या दिवसाच्या कमाल भावमर्यादेला, लागलेल्या शेअरमध्ये खरेदीदारांची लांब रांग असते आणि विक्रेते जवळजवळ नसतात. तेथे अर्धवट काय, एकही शेअर न मिळणे स्वाभाविक आहे. भाव त्याहून वर टाकता येत नाही, म्हणून बदल करण्यासारखेही काही उरत नाही. तेथे वाट पाहण्यात वेळ घालवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

इंट्राडे करणाऱ्यांसाठी एक धोक्याची सूचना

मी नवख्यांना इंट्राडेचा, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकण्याचा, सल्ला देत नाही, परंतु करणारे करतातच, म्हणून एवढे सांगणे कर्तव्य आहे. शंभर शेअर घेण्याची ऑर्डर टाकली, साठच मिळाले, आणि आपण मात्र शंभरांचा स्टॉपलॉस (भाव ठरलेल्या पातळीखाली गेला की विकणारी ऑर्डर) लावून ठेवला, तर भाव घसरल्यावर शंभर शेअर विकले जाऊ शकतात. म्हणजे साठ आपले विकले आणि चाळीस हातात नसताना विकले गेले. बाहेर पडण्याची ऑर्डर नेहमी ट्रेड बुकातील मिळालेल्या संख्येएवढीच लावावी आणि आत येण्याची उरलेली ऑर्डर आधी रद्द करावी, नाहीतर आपण बाहेर पडल्यानंतर ती मागाहून भरते. दिवसाअखेर उघडा राहिलेला सौदा ब्रोकर स्वतः मिटवतो आणि त्यासाठी बहुतेक ठिकाणी वेगळे शुल्क लागते.

चौथी पायरी: कोणता खर्च कशावर बसतो हे ओळखणे

सर्व खर्च एकाच रंगात पाहिले तर काय वाचवता येते आणि काय येत नाही हे कळत नाही. ५५,२०० रुपयांची डिलिव्हरी खरेदी धरू. सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्स (एसटीटी, म्हणजे सौद्यावरचा कर) ०.१ टक्का, म्हणजे ५५ रुपये. मुद्रांक शुल्क खरेदीवर ०.०१५ टक्का, म्हणजे सव्वाआठ रुपये. एक्स्चेंजचे शुल्क लाखामागे सुमारे तीन रुपये या हिशेबाने दीड ते पावणेदोन रुपये. सेबीचे शुल्क कोटीमागे दहा रुपये, म्हणजे येथे काही पैसेच. दलाली २० रुपये धरली तर दलाली आणि इतर शुल्कांवरचा १८ टक्के जीएसटी चार रुपयांच्या आत. एकूण साधारण ८९ रुपये.

यांतील कर आणि सरकारी शुल्के सौद्याच्या रकमेच्या प्रमाणात लागतात. एका ऑर्डरमध्ये घ्या किंवा दहा ऑर्डरींमध्ये, त्यांची बेरीज जवळपास तेवढीच राहते. तुकडे झाल्याने वाढते ती फक्त ऑर्डरमागची ठरावीक दलाली आणि तिच्यावरचा जीएसटी. हीच खरेदी तीन दिवसांत तीन ऑर्डरींनी झाली तर ४७.२० रुपये जास्त लागतील, त्याहून अधिक नाही. बचतीचे प्रयत्न याच जागी करायचे असतात.

मुद्रांक शुल्काबद्दल एक माहिती बडोदेकरांना आवडेल. १ जुलै २०२० पासून या शुल्काचे दर देशभर एकसारखे आहेत, आणि गोळा झालेली रक्कम खरेदीदार ज्या राज्यात राहतो त्या राज्याला मिळते. ब्रोकर मुंबईचा असो वा बंगळूरचा, आपल्या पत्त्यावर बडोदे असेल तर ते पैसे गुजरातकडे येतात. त्याचप्रमाणे ब्रोकर दुसऱ्या राज्यातील असेल तर बिलावर सीजीएसटी व एसजीएसटी अशा दोन ओळींऐवजी आयजीएसटीची एकच ओळ दिसते. एकूण दर तोच १८ टक्के.

पाचवी पायरी: आपल्या सवयीला साजेसा दर निवडणे

ब्रोकर ढोबळमानाने दोन प्रकारचे आहेत. काही ऑर्डरमागे ठरावीक रक्कम घेतात, बहुधा वीस रुपये, आणि काही तर डिलिव्हरीवर दलाली घेतच नाहीत. अलकापुरी किंवा सयाजीगंजात कार्यालय थाटलेल्या अनेक जुन्या पेढ्या टक्केवारीने घेतात; डिलिव्हरीवर ०.३ ते ०.५ टक्का असे दर सर्रास आढळतात. ०.५ टक्क्याने ५५,२०० रुपयांवर २७६ रुपये आणि वर जीएसटी होतो. त्या बदल्यात फोनवर बोलणारा माणूस मिळतो, वारसनोंदीपासून जुन्या कागदी शेअरांपर्यंतच्या कामांत मदत होते. आईवडिलांच्या खात्यासाठी ती मदत मोलाची असू शकते आणि त्यासाठी पैसे देण्यात काहीच गैर नाही. मात्र दर मागून घ्यावा लागतो. टक्केवारीच्या दरात घासाघीस चालते, आणि नियमित उलाढाल असणाऱ्या ग्राहकाने विचारले तर दर कमी करून मिळण्याची शक्यता चांगली असते. बोलणे झाल्यावर नवा दर ईमेलवर लिहून घ्यावा.

टक्केवारीच्या दरात ऑर्डर कितीही तुकड्यांत भरली तरी फरक पडू नये, पण करारातील ‘किमान दलाली’ हा शब्द शोधावा. ०.५ टक्का किंवा किमान २५ रुपये असा दर असेल तर ५,००० रुपयांखालच्या प्रत्येक ऑर्डरवर ही किमान रक्कम लागू होते. ती ऑर्डरमागे आहे की प्रत्येक सौद्यामागे, हे खाते उघडतानाच लेखी विचारावे. अर्धवट भरणाऱ्या ऑर्डरींच्या बाबतीत सगळा फरक या एका शब्दात आहे. दलालीला वरची मर्यादाही आहे: सौद्याच्या रकमेच्या २.५ टक्क्यांहून अधिक दलाली घेता येत नाही, आणि दहा रुपये किंवा त्याहून कमी भावाच्या शेअरवर शेअरमागे जास्तीत जास्त २५ पैसे घेता येतात.

ठरावीक वीस रुपयांच्या दरात ऑर्डर जितकी लहान तितकी दलाली जड. २०,००० रुपयांच्या ऑर्डरवर ती ०.१ टक्का होते, २,००० रुपयांवर एक टक्का. म्हणून दर आठवड्याला दोन हजारांची खरेदी करण्याऐवजी महिन्यातून एकदा आठ हजारांची करणे चांगले. मुहूर्ताच्या दिवशी पाच कंपन्यांचा एकेक शेअर घेण्याची हौस असते. तीही एका कंपनीत पुरवता येते. फोन करून ब्रोकरच्या माणसाकडून ऑर्डर टाकून घेतली तर कमी दराचे ब्रोकर त्यासाठी वेगळे शुल्क लावतात. इंटरनेट बंद पडल्याच्या वेळेसाठीच ती सोय राखून ठेवावी.

शेअर ज्यात साठवले जातात त्या डीमॅट खात्याच्या वार्षिक शुल्काकडेही पाहावे. मूलभूत सेवा डीमॅट खाते, ज्याला बीएसडीए म्हणतात, त्यात १ सप्टेंबर २०२४ पासून चार लाख रुपयांपर्यंतच्या शेअरांवर वार्षिक शुल्क नाही, आणि चार ते दहा लाखांपर्यंत ते १०० रुपये आहे. एका पॅनवर असे एकच खाते मिळते. लहान गुंतवणूकदारासाठी ही बचत वर्षभरातील कित्येक ऑर्डरींच्या दलालीएवढी असते.

सहावी पायरी: विकताना तुकडे एका दिवसात संपवणे

खरेदीत तुकडे पडले तर नुकसान बेताचे असते. विक्रीत एक खर्च अधिक असतो. शेअर डीमॅट खात्यातून बाहेर जाताना डीपी शुल्क, म्हणजे डीमॅट खाते सांभाळणाऱ्या संस्थेचे शुल्क, लागते, आणि ते कंपनीमागे दिवसामागे एकदा असते, शेअरच्या संख्येवर नसते. ब्रोकरनुसार ते साधारण १३ ते २० रुपये आणि वर जीएसटी असे आढळते. एकाच दिवशी तीनशे शेअर दहा ऑर्डरींत विकले तरी ते एकदाच लागते, पण तेच शेअर तीन दिवसांत शंभर-शंभर करून विकले तर तीनदा. पंधरा रुपये धरले तर जीएसटीसह १७.७० ऐवजी ५३.१० रुपये. दलालीमुक्त डिलिव्हरी देणाऱ्या ब्रोकरांकडेही हा खर्च असतोच, आणि ‘शून्य दलाली’ ऐकून आलेल्यांना तो पहिल्या विक्रीनंतर कळतो.

त्यामुळे विक्रीची ऑर्डर दुपारी उशिरा टाकू नये. अर्धवट भरली तर उरलेल्या भागाचा भाव विचारपूर्वक खाली आणायला त्याच दिवशी वेळ उरला पाहिजे. संख्या मोठी आणि शेअर कमी उलाढालीचा असेल तर ‘डिस्क्लोज्ड क्वांटिटी’ वापरून बाजाराला पूर्ण आकडा न दाखवता ऑर्डर टाकता येते. एनएसईवर निदान दहा टक्के तरी दाखवावी लागते. काही हजार रुपयांच्या ऑर्डरीला तिची गरज नसते.

सातवी पायरी: काँट्रॅक्ट नोट तपासणे

सौद्यानंतर चोवीस तासांच्या आत ईमेलवर काँट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकरने पाठवलेला सौद्यांचा तपशील, येते. तिचा पासवर्ड बहुधा पॅन असतो, आणि तेवढ्या कंटाळ्याने बहुतेक लोक ती उघडतच नाहीत. अर्धवट भरलेल्या ऑर्डरच्या दिवशी ती अवश्य उघडावी. तिच्यात प्रत्येक सौद्याचा ऑर्डर क्रमांक, ट्रेड क्रमांक, वेळ, संख्या आणि भाव असतो. एकच ऑर्डर क्रमांक असलेल्या सगळ्या ओळींची संख्या मिळवून ती ऑर्डर बुकातील ‘मिळाले’ या आकड्याशी जुळते का ते पाहावे. मग त्या दिवशी किती वेगवेगळे ऑर्डर क्रमांक आहेत ते मोजावे आणि तितक्याच वेळा दलाली लागली आहे का ते तपासावे. सौदा खरोखर एक्स्चेंजवर झाला याची खात्री करायची असेल तर एनएसईच्या संकेतस्थळावर ट्रेड व्हेरिफिकेशनची सोय आहे. ती सौद्यानंतर थोडेच दिवस चालते, म्हणून पडताळणी त्याच आठवड्यात करावी.

जास्त दलाली कापली गेली असे वाटल्यास प्रथम ब्रोकरच्या तक्रार निवारण ईमेलवर ऑर्डर क्रमांकासह लिहावे. फोनवरच्या संभाषणावर विसंबू नये. उत्तर समाधानकारक नसेल तर सेबीच्या स्कोर्स या व्यवस्थेत तक्रार नोंदवता येते, आणि तेथे ब्रोकरला २१ दिवसांत निवारण करणे बंधनकारक असते. रक्कम लहान आहे म्हणून सोडून देऊ नये. चुकीचा दर एकदा खात्यावर बसला की तो प्रत्येक ऑर्डरवर कापला जात राहतो.

तुकड्यांची वहीतील नोंद

तीनशे शेअर सोमवारी सत्तर आणि मंगळवारी दोनशेतीस असे आले असतील तर ते दोन वेगळ्या तारखांचे शेअर आहेत. प्राप्तिकरात बारा महिन्यांची मुदत प्रत्येक तुकड्याची स्वतंत्र मोजली जाते आणि विकताना डीमॅटमधील आधी आलेले शेअर आधी विकले असे धरले जाते. सूचीबद्ध शेअरांवरील अल्पकालीन नफ्यावर २० टक्के आणि दीर्घकालीन नफ्यावर, वर्षाला सव्वा लाखाच्या सवलतीनंतर, १२.५ टक्के कर हा २३ जुलै २०२४ पासूनचा दर आहे. त्यामुळे वर्ष पूर्ण होण्याच्या सुमारास विकताना एका दिवसाच्या फरकाने काही शेअर वेगळ्या दरात जाऊ शकतात. दलाली आणि तिच्यावरचा जीएसटी नफ्यातून वजा करता येतो, सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्स मात्र वजा करता येत नाही. म्हणून वहीत किंवा एक्सेलमध्ये प्रत्येक तुकड्यासाठी तारीख, ऑर्डर क्रमांक, संख्या, सरासरी भाव, दलाली व जीएसटी आणि एसटीटी असे रकाने ठेवावेत, आणि एसटीटीचा रकाना इतरांपासून वेगळा ठेवावा, म्हणजे जुलैमध्ये विवरणपत्र भरताना काँट्रॅक्ट नोटा पुन्हा एकेक करून उघडाव्या लागणार नाहीत.